टपरीवरची पाच मिनिटं

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री दीड वाजता आला. तू रात्रपाळीला होतास, मी झोपलो होतो. सकाळी चहा घेता घेता वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून नीट लिहायला बसलो. तू विचारलंस, "सर, मी आजवर एकही सिगारेट ओढलेली नाही. पण गेले तीन महिने सिगारेटची तल्लफ येते. मग सिगारेटपेक्षा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बरं ना? एकदा करून बघू का?"

उत्तर आधी देऊन टाकतो. करून बघू नकोस, एकदाही नको. पण करण्याआधी विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं. तेविसाव्या वर्षी कुणाला विचारावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि पुढची एकोणीस वर्षं मी ओढत राहिलो. तुमच्या बॅचला शिकवायला लागलो त्याआधी सुटली होती, त्यामुळे तुम्हा मुलांना हे कधी कळलं नाही.

तू 'तल्लफ' हा शब्द वापरलास, म्हणून तिथूनच सुरू करतो. माझी तल्लफ कशी होती ऐक. एका जुलैच्या रात्री दीड वाजता पाकीट संपलं. बाहेर धो धो पाऊस. एसटी स्टँडजवळची एक टपरी उशिरापर्यंत उघडी असायची, म्हणून छत्री घेऊन निघालो. येताना वाऱ्याने छत्री उलटली आणि खिशातल्या सिगारेटी भिजल्या. घरी येऊन गॅस पेटवला, पोळ्यांचा तवा ठेवला आणि त्यावर एक सिगारेट बोटाने फिरवत फिरवत वाळवली. हिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते पाहिलं आणि एक शब्दही न बोलता आत निघून गेली. तो तवा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तल्लफ म्हणतात ती ही. मेंदूला निकोटिनची सवय लागलेली असते, रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि मग मेंदू मागणी करतो. त्या वेळी तुम्ही कुठे आहात, पाऊस आहे की ऊन, कोण बघतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

आता तुझाच मेसेज पुन्हा वाच. तू लिहिलंयस की रात्री साडेअकराला टीममधले चौघं खाली उतरतात तेव्हा फार वाटतं. आणि शेवटी, सहज म्हणून लिहून गेलास, की दिवाळीत चार दिवस गावी होतो तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही. अरे, निकोटिनची तल्लफ दिवाळीची सुट्टी घेत नाही. चार दिवस तर सोड, पहिले तीन दिवसच सगळ्यांत वाईट असतात. तुला चार दिवसांत काहीच झालं नाही, म्हणजे तुला निकोटिन हवं आहे असं मला वाटत नाही. तुला हवी आहेत ती टपरीवरची पाच मिनिटं.

ती पाच मिनिटं खरंच चांगली असतात, हे मी नाकारणार नाही. दिवसभर, तुझ्या बाबतीत रात्रभर, स्क्रीनकडे बघून डोळे शिणलेले असतात. खाली उतरलं की गार हवा लागते. टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर, तो ओढून घेण्यासाठी एकमेकांना दिलेला धक्का, हातात गरम कटिंग. मॅनेजरबद्दल जे वर बोलता येत नाही ते तिथे बोलतात. कुणाचं लग्न ठरतंय, कोण कंपनी सोडतंय, सगळं तिथेच कळतं. शिवाय ओढणारा माणूस नकळत एक गोष्ट करत असतो: लांब श्वास आत घेतो, क्षणभर थांबतो, सावकाश सोडतो. दहा-बारा झुरके म्हणजे दहा-बारा दीर्घ श्वास. त्यातलं बरंचसं बरं वाटणं श्वासाचं असतं, आणि श्रेय सिगारेटला मिळतं. (ओढणाऱ्याची बेचैनीसुद्धा आधीच्या सिगारेटनेच आणलेली असते. पुढची सिगारेट ती तेवढी घालवते आणि माणसाला वाटतं, हिच्यामुळे टेन्शन गेलं.)

आणि न ओढणाऱ्याला ही सुट्टी मिळत नाही, हा अन्याय आहे, हे मी मनापासून म्हणतो. ओढणारा चार वेळा खाली गेला तर कुणी विचारत नाही. तू नुसता पाच मिनिटं गॅलरीत उभा राहिलास तर "काय रे, काम नाही का?" पोरांना सिगारेट हवीशी वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तरी एक गोष्ट मला खटकते, तेवढी तपासून बघ. वाकडच्या फ्लॅटमध्ये तुझा खोलीतला जोडीदार ओढतो का? एसीसाठी खिडक्या बंद करून? दुसऱ्याच्या धुरातूनही निकोटिन शरीरात जातं. बंद गाडीत तासभर धुरात बसलेल्या माणसाच्या मेंदूतही निकोटिनचा परिणाम तपासणीत दिसलेला आहे. तसं असेल तर तुझ्या ओढीचा थोडा भाग खराही असू शकेल. मग इलाज सोपा आहे. खोलीत ओढायचं नाही, हे त्याला स्पष्ट सांग. भाडं तूही भरतोस. ऐकत नसेल तर खोली बदल.

आता व्हेपकडे येतो, आणि तुला बारावीला रसायनशास्त्र शिकवलंय म्हणून जरा खोलात जातो. पहिली सिगारेट ओढणारा खोकतो, डोळ्यांत पाणी येतं, मळमळतं. तो शरीराने घातलेला आडसर असतो. बरीच मुलं तिथूनच परत फिरतात. व्हेपमध्ये जळतं काही नाही, बॅटरीवर द्रव तापवून त्याची वाफ ओढतात, आणि तिथे हा आडसरच काढून टाकला आहे. निकोटिन मूळचं अल्कधर्मी, म्हणून घशाला झोंबतं. त्यात बेंझोइक आम्लासारखं आम्ल घातलं की क्षार तयार होतो आणि तो घशातून अलगद उतरतो. वर आंब्याचा नाहीतर ब्लूबेरीचा वास. झोंबत नाही म्हणून मग प्रमाण वाढवता येतं. पाकिटावर ५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन. ब्रिटन आणि युरोपीय संघात कायद्याने २० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात जातं ते साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. व्हेपमधलं सगळं निकोटिन काही शरीरात जात नाही, पण साठा केवढा आहे ते लक्षात घे.

मला त्याहून वाईट वाटते ती दुसरी गोष्ट. सिगारेट संपते. पाच-सहा मिनिटांत बोटाला चटका बसतो, थोटूक टाकावं लागतं. व्हेपला थोटूक नाही. अंथरुणात, बाथरूममध्ये, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, कुठेही. तुझ्या दोन वर्षं पुढचा एक विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात भेटायला आला होता. हुशार, सरळ मुलगा. दोन तास बसला आणि चार वेळा बाथरूमला गेला. मला वाटलं पोट बिघडलंय. हिने ओवा आणून दिला. तो गेल्यावर मी हात धुवायला गेलो, तर टॉवेलला गोडसर, गोळ्या-चॉकलेटांसारखा वास. रात्री मी त्याला फोन केला तेव्हा तो रडला. त्यानेही आधी कधी सिगारेट ओढली नव्हती. मित्राच्या वाढदिवसाला दोन पफ, मग शनिवारी, मग रोज. आणि ज्या दिवशी विकणाऱ्याने फोन उचलला नाही, त्या दिवशी आयुष्यातली पहिली सिगारेट विकत घेतली. म्हणजे सिगारेट टाळायला म्हणून जे धरलं, त्यानेच त्याला सिगारेटपाशी नेऊन सोडलं. सध्या तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडतोय, आणि सोडेल अशी मला खात्री आहे.

तू लिहिलंयस की इंग्लंडमध्ये डॉक्टरच व्हेप सुचवतात. खरं आहे, पण अर्धंच. जळत्या तंबाखूच्या धुरात हजारो रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग घडवणारी. कर्करोगाचं मुख्य कारण हा धूर, निकोटिन नव्हे. त्यामुळे वीस वर्षं रोज पाकीटभर ओढणारा माणूस पूर्णपणे व्हेपवर गेला तर त्याचं नुकसान कमी होतं, आणि काहींना त्यातून सुटताही येतं. ज्या चिनी औषधतज्ज्ञाने, होन लिकने, २००३च्या सुमारास आजच्यासारखी ई-सिगारेट बनवली, तो स्वतः खूप ओढणारा होता आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. हा विचार आधीच आगीत असलेल्या माणसासाठी होता. तू अंगणात उभा आहेस. इंग्लंडमधली आरोग्य सेवाही हेच सांगते की जे ओढत नाहीत त्यांनी व्हेप करू नये. 'सिगारेटपेक्षा बरं' या हिशोबात तुझ्या बाजूला सिगारेटच नाही. तुझी तुलना साध्या हवेशी आहे.

"निकोटिन नसलेलं घेतलं तर?" असंही विचारलंयस. आपल्याकडे २०१९च्या सप्टेंबरात वटहुकूम आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. निकोटिन असो वा नसो, दोन्ही त्यात येतात. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात वर्षभराची कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढणाऱ्याला त्यात शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण याचा अर्थ नीट समजून घे. तुला जे मिळेल ते चोरवाटेने आलेलं असेल. त्यात काय आहे ते कुणी तपासलेलं नसेल. 'शून्य निकोटिन' छापलेल्या मालात निकोटिन सापडल्याचं परदेशांतल्या तपासण्यांत दिसलेलं आहे. अमेरिकेत २०१९मध्ये व्हेप करणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं होतं वा त्यांचा मृत्यू झाला होता, त्यांतले ६८ जण दगावले. मुख्य दोषी ठरलं ते व्हिटॅमिन ई ॲसिटेट, बहुतेक वेळा चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेलं. हाच पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये असतो, तिथे काही करत नाही. पोटाला किंवा कातडीला चालतं ते तापवून फुफ्फुसात ओढलं तर चालेलच असं नाही. फळांच्या वासांच्या अर्कांनाही हेच लागू आहे.

मग करायचं काय? टपरी सोडू नकोस. साडेअकराला त्यांच्याबरोबर खाली जा, कटिंग घे, हातात फुटाणे किंवा शेंगदाण्याची पुडी ठेव. हाताला आणि तोंडाला काम मिळालं की निम्मी ओढ तिथेच मोडते. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहा. सुपारी मात्र नको, सुगंधी तर नकोच आणि साधीही नको. सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो, आणि आपल्याकडे "मी काही ओढत नाही" म्हणत मावा चघळणारे किती आहेत ते तुला सांगायला नको. निकोटिनचा च्युइंगमही तुझ्यासाठी नाही. तो सोडणाऱ्यांचा आहे.

कुणी विचारलं तर "मला खोकला होतो" वगैरे कारणं सांगू नकोस. "मी नाही ओढत" एवढंच, आणि लगेच दुसरा विषय. तिसऱ्या दिवसापासून कुणी विचारत नाही. मी ओढायचो तेव्हा न ओढणाऱ्या मित्राबद्दल आम्हाला मनातून आदरच वाटायचा, कुणी बोलून दाखवायचं नाही एवढंच.

ओढ आली की घड्याळ बघ. ती काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात चार लांब श्वास घे, सिगारेट ओढणारा घेतो तसेच. आणि खिशातल्या छोट्या वहीत टिपून ठेव: किती वाजता, कुठे, कोण होतं, शेवटचं कधी जेवला होतास. रात्रपाळीत तू नीट जेवत नाहीस असा मला संशय आहे. साडेअकराची ती ओढ कदाचित भुकेचीही असेल. आणि त्या वहीत ऑफिसबाहेरही, एकट्याने असताना, काही करावंसं न वाटण्याच्या वेळा पुन्हा पुन्हा दिसायला लागल्या, तर मग तो सिगारेटचा प्रश्नच नाही. मग एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडे जाऊ. मी बरोबर येईन.

टीममधल्या त्या चौघांपैकी कुणाला सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक दे. फोनला पैसे पडत नाहीत.

मी २३ तारखेच्या रविवारी पुण्याला भाचीकडे येतोय. दुपारी मोकळा आहे. वही घेऊन ये. हिने तुझ्यासाठी भडंग करून ठेवलंय, ते टपरीवर न्यायला उपयोगी पडेल.

तुझा,
सर