आजीचा वाढदिवस नक्की कधी?

प्रिय बाय,

परतीच्या विमानात तू विचारलंस, "बाबा, आजीचा बर्थडे नक्की कधी असतो?" मी अर्धवट झोपेत "असतो कधीतरी" म्हणालो आणि तू तोंड फिरवून बसलीस. राग बरोबर होता. तिच्या पासपोर्टवर १ जून १९४४ आहे, आत्या म्हणते ती शिमग्यातली, आणि आपण एवढे टोरोंटोहून जाऊन केक कापला तो ३ जानेवारीला. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय, जोडाक्षरं अडली तर आईला विचार.

आधी १ जूनचं. तो आजीचा वाढदिवस नाही, तो गुरुजींचा हिशेब. पणजोबा तिचं नाव शाळेत घालायला गेले तेव्हा त्यांना तारीख सांगता येईना. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजींनी वय बसेल अशा बेताने १ जून लिहून टाकलं. त्या पिढीत असं इतक्यांचं झालंय की अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला असं गमतीने म्हणतात. तुझ्या आईचे मामाही १ जूनचेच.

खरा दिवस पणजीच्या तोंडी होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर. साल तिला सांगता यायचं नाही, पण 'रामदास' बोट बुडाली तेव्हा ही अडीचेक वर्षांची, कडेवर होती, एवढं पक्कं. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ला, गटारी अमावस्येला बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना ती तारीख नाही, पण ती अमावस्या आठवायची. तिथून मागे मोजत दादाकाकाने १९४५चा शिमगा गाठला. तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला होता.

आता ३ जानेवारी. तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांची ऐंशी वर्षं त्यांच्या लेक केबिनवर बरोबर त्याच तारखेला झाली, म्हणून तुला आपलं घोळाचं वाटलं. आपल्याकडे ऐंशीचं मोठं कार्य म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा झाल्या की करतात. मोजून बघ. ८० वर्षं गुणिले १२, झाले ९६०. फाल्गुन ते पौष आणखी १०. उरले ३०, ते कुठून आले? अधिक महिन्यांतून. चंद्राचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५चं. दरवर्षी मागे पडणारे अकरा दिवस साठत जातात आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक जादा महिना घालावा लागतो. आजीच्या आयुष्यात असे ३० महिने आले. हजारावी पौर्णिमा पडली पौषातली, म्हणजे ३ जानेवारी २०२६, वर शनिवार. दादाकाकाने ही बेरीज चार वेळा केली, कारण त्यावर मुंबईकरांच्या रजा आणि तुझी ख्रिसमसची सुट्टी बसवायची होती.

तरी मी म्हणत होतो, कोण येणार जानेवारीत? आपलं घर गणपतीत भरतं. चाकरमानी कुडाळला उतरतात, पाच-सात दिवस घर दणाणून सोडतात, आणि मग वर्षभर आजी आणि गडी. पण त्रेचाळीस माणसं आली. पडवीत, माजघरात, खळ्यात मांडव घालून त्याखाली, आणि उरलेली मांगरात. तू मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस ना, "वुई हॅव अ लेक केबिन टू"? ती केबिन म्हणजे आपला मांगर, गवत आणि नांगर ठेवायची जागा. पण तळं मात्र खरंच मिरवण्यासारखं आहे. धामापूरचं ते तळं १५३०मध्ये नागेश देसाईंनी शेतीच्या पाण्यासाठी बांधून घेतलं. २०२०मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. आजीला त्याचं काही नाही. तिच्या लेखी ते भगवतीचं तळं.

मेणबत्त्यांचंही विचारत होतीस. तू पेटवल्यास आणि आजी नुसती बघत बसली. "दिवो कोण फुकता गो?" म्हणाली. तोंडाने फुंकून दिवा घालवणं आपल्याकडे अशुभ धरतात, त्यात वाढदिवशी तर दिवा लावायचा असतो. शेवटी मेण केकवर ओघळलं आणि अव्याने त्या उपटून काढल्या. मला विचारशील तर बेकरीचा तो केक तसाही गोड मिट्ट होता. शिरवळे आणि नारळाचा रस समोर असताना त्याला हात कोण लावणार?

आता एक गोष्ट, जी तू पाहिलीस पण विचारली नाहीस. सकाळी शांतीची पूजा झाली, आजीने काशाच्या वाटीतल्या तुपात तोंड पाहिलं, आणि ओवाळायची वेळ आली. ८१ पिठाचे दिवे, तू आणि अव्याने वळलेले, काही चांगलेच वाकडे. तबक तयार होतं आणि कोणी उचलेना. मोठ्या काकीने आत्याकडे बघितलं, आत्याने भटजींकडे. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. नवरा गेलेल्या बाईला आपल्याकडे ओवाळत नाहीत, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. चौदा वर्षं आजी दर दिवाळीला आम्हा सगळ्यांना ओवाळताना बघत आत उभी राहायची, आणि मी पाटावर बसून ओवाळून घ्यायचो. ही रीत वाईट आहे. आपल्या चालीरीती तुला सांगायच्या तर हीही सांगायला हवी.

आजी म्हणाली, "माका नको. चेडवाक ओवाळा." म्हणजे तुला. तेव्हा मावशीआजी उठली. आजीची धाकटी बहीण, तीही तशीच एकटी. गुडघ्यावर हात टेकत आली, तबक उचललं, "बस गप" म्हणाली, आणि ओवाळलं. हात थरथरत होता, दोन दिवे कलंडले. मग काकी आली, आत्या आली, तुझी आई आली, आणि तूही. त्यावेळी तू मला विचारलंस, आजी पदर का चावतेय. त्यामुळे.

मग दादाकाकाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हे आवशीक अशीच हातापायान धड ठेव..." आणि दर ओळीला सगळे, "व्हय म्हाराजा!" तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता, शब्द कळत नसूनही.

रात्री आम्ही तिला तळ्यावर नेलं, चंद्राला अर्घ्य द्यायला. तू मांगरात झोपून गेली होतीस. पाण्यात चंद्र लख्ख पडलेला, आम्ही सगळे उगाच गप्प. मी म्हटलं, "आये, हजारावी पुनव तुजी." तिने तांब्यातलं पाणी सोडलं, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "हजार पुनवे मोजूक येळ कोणाक होतो?" मग काकीकडे वळून, "सकाळच्या आंबोळ्यांचा पीठ वाटून ठेवलंस काय गो?"

तुझा,
बाबा