बिजागरीमागे चिवड्याचं खोकं

प्रश्न : काका, कारेलीबागेत आमचं मुलींचं वसतिगृह आहे, चार मजली. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार, आहे. तिसऱ्या मजल्याचं दार लॅचच्या बाजूला वर घासायचं आणि क्लोजर (दार आपोआप ओढून बंद करणारं यंत्र) असूनही लॅच लागत नसे. मिस्त्रीने खालच्या बिजागरीमागे लिल्या चिवड्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातला, दार झकास बसलं. पण तपासणीला आलेल्या गृहस्थांनी पुठ्ठा काढायला लावला आणि ‘मेटलचं पॅकिंग टाका’ म्हणाले. दुकानदार ॲल्युमिनियम, पितळ, स्टील तिन्ही दाखवतो. कोणतं घेऊ आणि किती जाड? बिजागऱ्या तीन आहेत. पुठ्ठा काढल्यावर बिजागरीकडची फट वर ५ मिमी, खाली २ आहे. लॅचकडे वर १, खाली ४.
— एक वाचक, बडोदा

उत्तर : ताई, त्या मिस्त्रीला फार बोलू नका. पुठ्ठा चुकला, पण खालचीच बिजागरी निवडली यात त्याची नजर दिसते. दार उतरलं की वरचा कोपरा लॅचकडे झुकतो. अशा वेळी खालची बिजागरी चौकटीपासून बाहेर, लॅचकडे ढकलली की दार वरच्या बिजागरीभोवती किंचित फिरतं आणि लॅचकडची कड वर उचलली जाते. नवशिके वरच्या बिजागरीत पॅकिंग कोंबतात आणि दार आणखी घासतं.

मापं घेऊन पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. पण वर ५ मिमी फट दिसली की मला आधी वरच्या बिजागरीच्या स्क्रूंची शंका येते. दाराखाली पाचर देऊन वजन उचलून धरा आणि वरचे सगळे स्क्रू आवळा. एखादा नुसताच गरगर फिरत असेल तर चौकटीतली चूड, म्हणजे भोकातले आटे, गेलेली आहे, ती आधी दुरुस्त करून घ्या. एकही भोक रिकामं नको. कधी कधी एवढ्यावरच काम होतं आणि दुकानात जावंच लागत नाही.

समजा आवळूनही वर ४ आणि खाली २ राहिले. मग खालच्या बिजागरीमागे २ मिमी आणि मधल्या बिजागरीमागे १ मिमी. मधलीला निम्मं, कारण ती बरोबर मध्यावर असते आणि तिन्ही पिना एका सरळ रेषेत राहायला हव्यात. मी स्वतः मकरपुऱ्याच्या एका गोदामात फक्त खालच्या बिजागरीत पॅकिंग घातलं आणि मधली विसरलो. दोन महिन्यांत मधली पिन करकरायला लागली आणि क्लोजरला दार ओढवेना. मालकाने गुजरातीत ‘मिजागरा बदली आपो’ म्हणून नवा सेट मागितला, तो माझ्या खिशातून गेला.

तुमच्या दारावर एवढं केल्यावर बिजागरीकडे वर-खाली ४ आणि लॅचकडे वर-खाली २ मिमी येईल. अमेरिकेच्या एनएफपीए ८० या फायर डोअरच्या मानकात स्टीलच्या दाराला बाजूची आणि वरची फट साधारण १.६ ते ४.८ मिमी चालते. लाकडी दाराला जास्तीत जास्त ३.२ मिमी. तुमची मापं यात बसतात. दोन्ही बाजूंची बेरीज ६ आहे म्हणून हे जमतं. हीच बेरीज दहा-अकरा असती तर दारच चौकटीला लहान आहे असं समजा. पॅकिंगने फट इकडची तिकडे होते, कमी होत नाही. आणखी एक : मीटरभर रुंदीच्या दारात वर-खालच्या बिजागऱ्यांमध्ये दीड-पावणेदोन मीटर अंतर असेल तर २ मिमी पॅकिंगने लॅचकडची कड सव्वा मिलिमीटरच्या आसपास उचलते. वरच्या चौकटीशी तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

आता धातू. ‘मेटल’ हा शब्द इथे अपुरा आहे, स्टीलच घ्या. फायर डोअर तपासायच्या भट्टीचं तापमान आयएसओ ८३४ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या वेळ-तापमानाच्या आलेखाप्रमाणे चढवतात : ५ मिनिटांत ५७६ अंश, १० मिनिटांत ६७८, अर्ध्या तासात ८४२, तासाला ९४५, दोन तासांनी १०४९. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पितळ, मिश्रणावर अवलंबून, साधारण ९००-९४० अंशांना. स्टील १४०० च्या आसपास. बिजागरी काही लगेच भट्टीइतकी तापत नाही, पण आग बिजागरीच्या बाजूने आली आणि पॅकिंग वाहून गेलं तर बिजागरीची पत्ती (स्क्रूंनी बसवलेला चपटा भाग) सैल पडते, दार पुन्हा झुकतं आणि लॅच खाचेतून निसटायला एवढं पुरतं. पितळी शिमची, म्हणजे पॅकिंगच्या पातळ पत्र्याची, गुंडाळी मशिनवाल्यांकडे सहज मिळते, मोटर बसवताना ती उत्तमच आहे. तिथेच राहू द्या.

पॅकिंग बिजागरीच्या पत्तीएवढंच हवं, भोकं जुळणारी. खाली फरशी पुसताना पाणी लागतं, म्हणून स्टेनलेस घेतलेलं बरं. २ मिमीला एकच तुकडा घ्या, पाच पातळ तुकड्यांची चळत नको. जेवढं पॅकिंग वाढेल तेवढा स्क्रू चुडीत कमी जातो. म्हणून त्याच जातीचे, जरा लांब स्क्रू आणा. पत्तीच्या फक्त एका कडेला घालायच्या बारीक पट्ट्याही मिळतात. पिन बसते त्या नळीच्या कडेला घातली की दार लॅचकडे सरकतं. त्यांनी पत्ती तिरकी बसते, म्हणून तुमच्या कामाला पूर्ण तुकडाच बरा.

दाराच्या बिजागरीकडच्या कडेला बनवणाऱ्याची पाटी असेल, तिच्यावर रंग चढू देऊ नका. आपल्याकडे फायर डोअरसाठी आयएस ३६१४ हे भारतीय मानक लागू आहे. तुमच्या दाराच्या चाचणी-प्रमाणपत्रात बिजागरीबद्दल काही अट आहे का, ते पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि फाइलला लावा. पुढच्या वर्षी तपासणीला दुसरेच गृहस्थ येतील.

काम झाल्यावर दार वीतभर उघडून सोडा. हात न लावता लॅचचा ‘खट्’ ऐकू यायला हवा. दहा वेळा करून बघा. क्लोजरचा वेग वाढवून तो आवाज काढायचा मोह मिस्त्रीला होईल, तो तसं करत नाही ना, तेवढं मात्र समोर उभं राहून बघा.