धीर धरायला शिकताना

आठवडाभर एकच जागा धरा. सगळीकडे एकदम धीर धरायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. सोलापुरात जागा शोधावी लागत नाही: नळाला पाणी यायच्या वेळची हंड्यांची रांग, सात रस्त्यावरचा हॉर्न, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना गेलेली लाईट.

राग चढला की आधी जबडा आवळतो. तो सैल सोडा, श्वास सावकाश सोडा, मनात एवढंच म्हणा, ‘प्रभू, आता धीर दे.’ मग बोला. बायबलच्या याकोब 1:19 मधला क्रमही हाच आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद.

बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. राग गिळतात, त्यालाच सहनशीलता समजतात, आणि तो रात्री घरच्यांवर निघतो. गिळू नका, देवापुढे बोला. स्तोत्र 13 मध्ये ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. तक्रार करणं म्हणजे अविश्वास नव्हे. भांडण झालंच तर इफिस 4:26 प्रमाणे सूर्य मावळायच्या आत मिटवा. फोनवर मिटलं तरी चालेल.

मारहाण, फसवणूक मात्र धीराच्या नावाखाली सोसू नका. चर्चच्या पाळकांना सांगा, गरज पडल्यास पोलिसांनाही.