ग्राहक, ग्राही आणि न्यूरॉनचा चुलतभाऊ

प्रश्न : चेतापेशी एकमेकींशी कशा 'बोलतात' यावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. 'रिसेप्टर'ला 'ग्राहक' म्हणावं की 'ग्राही'? 'संवेदक' चालेल का?

उत्तर : ग्राही. 'ग्राहक' नको म्हणजे नकोच. 'मेंदूतले डोपामिनचे (म्हणजे पेशींमधल्या एका निरोप्या रसायनाचे) ग्राहक कमी होतात' असलं वाक्य वाचलं की डोपामिनचा धंदा बसला असंच वाटतं. संस्कृतात ग्राहक म्हणजे नुसता घेणारा, हे मला माहीत आहे. पण मराठीत त्याचं गिऱ्हाईक होऊन फार काळ लोटला. 'ग्राही'त गुणग्राही, मर्मग्राही यांतली पारख आहे, आणि इथे पारखच हवी : समोरून शेकडो रेणू गेले तरी हे प्रथिन आपल्या साच्याचा तेवढा पकडतं. (वैद्यांच्या भाषेत ग्राही म्हणजे मळ बांधणारं औषध. ते हसतील, हसू द्या.)

'संवेदक' हा वेगळाच घोटाळा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी 1906 साली त्वचा, कान वगैरेंतल्या बाहेरची खबर टिपणाऱ्या यंत्रणांना रिसेप्टर म्हटलं. तिथे संवेदक शोभतो. तुमचा रिसेप्टर तो नव्हे. त्याचा माग लँगली या दुसऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या 1905च्या कामात लागतो. कोंबडीच्या पायाची नस कापून ती पार निकामी होऊ दिली, तरी निकोटिन दिल्यावर स्नायू आखडलाच; क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं विष) दिलं की तो परिणाम ओसरला. म्हणजे निकोटिनला धरणारं काहीतरी नसेत नव्हे, स्नायूच्याच पेशीत आहे. या दोन्हींना एकच प्रतिशब्द देणाऱ्या कोशकारांनी बहुधा इंग्रजी शब्दाकडे पाहिलं, वस्तूकडे नाही.

आता खरी गंमत. तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतोच.

'शब्दकोडी सोडवा, मेंदूचे स्नायू बळकट होतील' हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. मेंदूत स्नायू नसतात! पण हे कुठून आलं असेल याचा शोध घेताना माझाच राग अर्धा उतरला. बंगालीत स्नायु म्हणजे आपली नस. हिंदीतही 'स्नायु-तंत्र' म्हणजे चेतासंस्था. तिथून उचललेला शब्द मराठीत पाऊल टाकताच दंडाची बेटकुळी होतो. आणि मूळ अर्थ या दोन्हींहून निराळा. सुश्रुतसंहितेत स्नायू नऊशे सांगितलेत आणि दाखला नावेचा दिलाय : फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यावर भार पेलते, तसं शरीर सांध्यांशी स्नायूंनी बांधलेलं असतं. म्हणजे स्नायू हे दोर. आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याला सुश्रुत 'पेशी' म्हणतो. तो शब्द आपण सेलला देऊन टाकला. त्यामुळे 'चेतापेशी' वाचून हिंदीवाला दंड चाचपतो. संगीतखुर्चीच आहे सगळी.

ग्रीकांचंही तेच. वाल्डेयर या शरीरशास्त्रज्ञाने 1891 साली चेतापेशीला 'न्यूरॉन' हे नाव रूढ केलं, पण मुळात ग्रीकात न्यूरॉन म्हणजे कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर), तात, धनुष्याची दोरी. होमरकडे बैलाच्या तातेची प्रत्यंचा ओढतात ती हीच. जुन्या शरीरशास्त्र्यांना पांढरी कंडरा आणि पांढरी नस सारखीच दिसे. न्यूरॉन आणि स्नायू हे सख्खे चुलतभाऊ, एकाच मूळ शब्दातून आलेले. ग्रीकात आरंभीचा 'स' गळला, संस्कृतात 'र' गळला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत, मात्र दोन्ही शाबूत : 'स्नावर'.

आणि मराठीत? मराठीत 'र' जिवंत आहे, असं माझं ठाम मत आहे. 'स्नान'चं न्हाण होतं. तसं 'स्नारु'चं न्हारू, त्याचा नारू. होय, तोच, पायाच्या कातडीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा डोकावणारा, काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढावा लागणारा कृमी. पालीत 'न्हारु' म्हणजे कंडराच. नारूचा संबंध नळीशी जोडणाऱ्यांना मी एवढंच विचारतो : मग संस्कृत वैद्यकात या रोगाचं नाव 'स्नायुक' कसं? ज्यांनी तो काडीवर गुंडाळताना पाहिला, त्यांना ती तातच वाटणार. तेव्हा न्यूरॉनला मराठी शब्द नाही म्हणून रडू नका. होता, आपण तो किड्याला दिला.

'मज्जातंतू'चा आग्रह धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मज्जा हाडातली, इथे तिचा काय संबंध? 'चेता' उत्तम. निखारा चेतवतात तशी पेशी चेतते.

अरे हो, 'बोलतात'. बोलत नाहीत, चिठ्ठी टाकतात. लोवी या शास्त्रज्ञाने 1921 साली दाखवलं : एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उद्दीपित करून त्याचे ठोके मंद केले, त्याभोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. निरोप द्रवातून गेला होता. चिठ्ठी म्हणजे असिटिलकोलिन, आणि ती उघडणारा तुमचा ग्राही.

चिठ्ठी टाकतात ती जागा सिनॅप्स. तिला 'संपर्कस्थान' लिहू नका. दोन पेशींत साधारण 20 नॅनोमीटरची फट असते, संपर्क कसला? शेरिंग्टन यांना खरं तर 'सिंडेझ्म' हवं होतं. केंब्रिजच्या व्हेरॉल नावाच्या ग्रीकच्या पंडिताने सिनॅप्स सुचवलं आणि 1897 साली तेच छापलं गेलं. त्याचाही अर्थ कवटाळणं, आणि कवटाळत तिथे कुणी कुणाला नाही. पण ती चूक ग्रीकांच्या नावावर आहे, तिथेच राहू द्या. 'सिनॅप्स'च लिहा.