मागचा पगार वाढवून सांगितला, आता कंपनी स्लिप मागते

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांपासून हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये कामाला, आणि आता बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीत त्याची निवड झाली. मुलाखतीत "सध्या किती मिळतात?" असं विचारलं, तर तो 18,000 बोलून गेला. बँकेत मात्र महिन्याला 12,255 जमा होतात. कंपनीनं आता जानेवारी ते मार्चच्या सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक मागितलंय. जिनिंगमध्ये स्लिप कधी हातात मिळालीच नाही, वहीवर सही घेतात. तालुक्यातला झेरॉक्सवाला म्हणतो, 500 रुपयांत 18,000 ची स्लिप करून देतो. करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

नका करून घेऊ, भाऊ. बनावट कागद खरा म्हणून देणं हा गुन्हा आहे, ते तर आहेच. पण तो कागद टिकणारही नाही. पीएफच्या पासबुकात महिन्यामहिन्याला पगाराचा आकडा छापलेला असतो. तुम्ही पाठवलेल्या हिशेबात पीएफची कपात 1,440 आहे, म्हणजे 12 टक्क्यांनी मूळ पगार 12,000. त्यावर घरभाडे भत्ता 2,000, म्हणजे एकूण 14,000. त्यातून पीएफ, ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) 105 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की बरोबर 12,255 उरतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, म्हणून त्या महिन्यात बँकेत 12,155 आलेले दिसतील. झेरॉक्सवाल्याला हे ठाऊक नसतं, तो तिन्ही महिन्यांत 200 च टाकतो. माझ्याकडे आलेल्या एका पोराची स्लिप नेमकी याच शंभर रुपयांवर अडकली. रुजू होऊन चार महिने झाले होते, खोली भाड्यानं घेतली होती, आणि एका दुपारी त्याला गेटबाहेर काढलं. नियुक्तीपत्रात तशी अट असते, कोणी वाचत नाही.

आता मुलाची बाजू. तो सगळंच खोटं बोललेला नाही, हे त्याला आधी समजू द्या. घाबरलेलं पोरगं फोनवर अडखळतं, अन् अडखळलं की खरं सांगत असूनही खोटं वाटतं. कंपनी विचारते तो पगार कपातीच्या आधीचा, म्हणजे 14,000. हातात येणारे 12,255 हा त्याचा पगार नव्हे. शिवाय कापसाच्या हंगामात रात्रपाळीचे तीन-साडेतीन हजार रोख मिळत होते, असं तुम्हीच लिहिलंय. सगळी बेरीज 17,500 च्या आसपास जाते. त्यानं हंगामाचे पैसे बारमाही धरले आणि वर गोल आकडा केला, चूक तेवढी आहे.

ती चूक कागद पाठवायच्या आधी त्यानं स्वतः सांगावी. कंपनीच्या एचआरला, म्हणजे भरती बघणाऱ्या विभागाला, फोन करून एवढंच बोलायचं: "सर, मुलाखतीत मी 18,000 सांगितले, त्यात हंगामाच्या रात्रपाळीचे रोख पैसे धरले होते. माझा नोंदीचा पगार कपातीच्या आधी 14,000 आहे. बँकेत कपात होऊन उरलेले 12,255, फेब्रुवारीत 12,155, आणि पीएफमध्ये मूळ पगार 12,000 दिसेल. आकडा नीट सांगायला हवा होता." मग तेच ईमेलवर चार ओळींत लिहून ठेवायचं. मालक कसा आहे, घरची परिस्थिती काय, यातलं काही नको. हे बोलणं मुलानंच करावं, भाऊ, तुम्ही नाही.

ऑफर थोडी कमी होईल का? होऊ शकते. काढूनही घेतील का? क्वचित, पण तेही होऊ शकतं. तरी पॅनल, मोटर, स्टार्टर उघडून दोन हंगाम रात्रभर जिनिंग चालू ठेवणारा हात त्यांना हवा आहे, म्हणूनच त्याची निवड झाली. नवा पगार त्या कामाचा मागा, जुन्या पगाराच्या हिशेबानं नका मागू. 14,000 वर काम केलं यात लाजण्यासारखं काही नाही.

जिनिंगचा हिशेब बघणाऱ्या मुनीमजींकडे तुम्ही जाऊ शकता. पगाराची स्लिप देणं ही मालकाची कायद्यानं जबाबदारी आहे, ती मागणं म्हणजे भांडण नव्हे. तीन महिन्यांच्या स्लिप मागा. नाहीच जमलं तर लेटरहेडवर शिक्क्यासह पत्र घ्या: रुजू तारीख, पद, महिन्याचा एकूण पगार. रोख रात्रपाळीचा उल्लेख ते करतील तर उत्तम, नाही म्हटलं तर आग्रह धरू नका, ते पैसे मोजणीतून सोडून द्या. मुलगा अजून तिथंच कामाला असेल, तर ऑफर लेटर हातात येईपर्यंत जिनिंगमध्ये चौकशीचा फोन करू नका, अशी विनंती एचआरला करता येते. बहुतेक ऐकतात.

मुलानं व्हिडिओत ऐकलं की मागचा पगार विचारणं बेकायदेशीर आहे. ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचं, तिथं 2018 पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे कंपनी विचारू शकते. पण पीएफचा पासवर्ड किंवा ओटीपी ती मागू शकत नाही. पासबुकाची पीडीएफ डाउनलोड करून द्यायची. बँक स्टेटमेंटमध्ये तुमच्या कापसाचे पैसे, पीककर्जाचे हप्ते असे घरचे व्यवहार असतील, तर फक्त पगाराच्या नोंदी चालतील का असं विचारा. आपल्या हातानं पीडीएफमध्ये खाडाखोड मात्र करू नका. आणि "पडताळणी फी" म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो माणूस कंपनीचा नाही असं समजा, एक रुपयाही देऊ नका.

कागद द्यायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे म्हणता. म्हणजे फोन उद्या सकाळीच व्हायला हवा. आज रात्री जेवणं झाली की त्याला तीच चार वाक्यं तुमच्यासमोर दोनदा मोठ्यानं बोलायला लावा.