फारकतीच्या कागदावर सही करू नका

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी नवरा नोकरीसाठी पुण्याला गेला. वर्षभर पैसे पाठवले, मग फोनही उचलेना. मी दोनदा भावाला घेऊन गेले, त्याने घरात घेतलं नाही. मागच्या वर्षी वडिलांच्या दशक्रियेला तीन दिवस आला, माझ्याशी बोललाही नाही. मी मुलीसह सिन्नरजवळ सासरीच राहते. आता चुलत सासऱ्यांच्या हाती त्याने स्टँप पेपरवर फारकत पाठवली आहे. 'आम्ही राजीखुशीने विभक्त राहत आहोत' असं त्यात आहे. सही केली की मी मोकळी होईन का? लग्न उरलेलंच नाही, एवढ्या कारणावर कोर्ट घटस्फोट देईल का?

उत्तर : ताई, सही करू नका. नोटरीचा शिक्का असला तरी अशा कागदाने हिंदू विवाह मोडत नाही, त्याला न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. या कागदाच्या भरवशावर कुणीही दुसरं लग्न केलं, तर ते रद्दबातल ठरेलच, शिवाय द्विभार्या-द्विपती गुन्ह्याची सात वर्षांपर्यंतची शिक्षा डोक्यावर राहील.

पण मला जास्त काळजी त्या 'राजीखुशीने' शब्दाची आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये परित्याग म्हणजे जोडीदाराच्या संमतीशिवाय किंवा इच्छेविरुद्ध, योग्य कारण नसताना त्याला सोडून जाणं. अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं तो असावा लागतो. तुम्ही संमती लिहून दिलीत की परित्यागाचा आधारच गेला. दुसरा फटका पोटगीला बसेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं १२५) परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही. एका ओळीत तुमचे दोन्ही हक्क काढून घेतले जात आहेत, म्हणून इतकं निक्षून सांगते.

तो कागद फाडू मात्र नका. सही न केलेला तसाच जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच बिपिनचंद्र शाह खटल्यात सांगितलं की परित्यागात दोन गोष्टी दिसाव्या लागतात : प्रत्यक्ष वेगळं राहणं आणि संसार कायमचा तोडण्याचा हेतू. हेतू सिद्ध करणं नेहमी अवघड जातं. इथे तो त्यानेच लिहून पाठवला आहे. पुण्याला सोबत आलेला भाऊ तुमचा साक्षीदार, पैसे बंद झाल्याचं दाखवणारं पासबुक पुरावा. मोबाईलवरचे मेसेज पुसू नका. दशक्रियेच्या तीन दिवसांची भीती नको. एका छताखाली झोपल्याने सहजीवन पुन्हा सुरू झालं असं होत नाही.

लग्न संपलंय, एवढ्यावर मात्र आपल्याकडे कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. विधी आयोगाने १९७८ आणि २००९ अशी दोनदा शिफारस करूनही तो आधार कायद्यात आला नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. १ मे २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालातला, पार मोडलेलं लग्न त्याच कारणावर संपवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे, राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा. तिथे थेट याचिका करून तो मागताही येत नाही. म्हणून तुमच्या अर्जात परित्याग आणि त्याच्या जोडीला मानसिक क्रूरता, असे दोन्ही आधार घ्या.

त्यालाही सुटका हवी असेल तर परस्परसंमतीचा अर्ज लवकर निकाली निघतो. पण पोटगी, स्त्रीधन आणि मुलीचा ताबा व खर्च कोर्टासमोर लेखी ठरल्याशिवाय हो म्हणू नका.

अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीतल्या न्यायालयात करता येईल, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. तालुका विधी सेवा समितीकडे गेलात तर स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळेल. घटस्फोटाची वाट न बघता तुमच्या आणि मुलीच्या पोटगीचा अर्ज याच आठवड्यात द्या. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते.