जुन्या एमपीएफआय गाडीचा पिकअप घाटात जातो, स्कॅनरवर कोड नाही. चारही इंजेक्टर बदलावेत का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: २००३ची एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली पेट्रोल गाडी, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, नाशिकमध्ये फिरताना काही त्रास नाही. पण मुंबईहून परत येताना कसारा घाट चढायला लागली की झटके देते, पिकअप जातो. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलात की पुन्हा निघते. चेक इंजिन लाइट लागत नाही, स्कॅनर दोषाचा कोणताही कोड दाखवत नाही आणि गॅरेजवाले म्हणतात, इंजेक्टर बदला.

आत्ता इंजेक्टर बदलू नका. मी नाशिकच्या अंबडला पेट्रोल गाड्यांच्या इंजेक्शनचंच काम करतो आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं इंजेक्टरकडे बोट दाखवत नाहीत. इंजेक्टर चोंदला किंवा गळायला लागला, तर तो बहुधा एखाददुसराच असतो आणि त्याचं मिसिंग (तो सिलिंडर नीट काम न करणं) आयडलिंगलाच कळतं, सिग्नलला गाडी थरथरते. चारही इंजेक्टर शहरात शहाण्यासारखे वागतात आणि फक्त चढावर, गरम झाल्यावर एकदम बिघडतात, हे पटणारं नाही. चढावर इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. तेवढं पेट्रोल तिथपर्यंत पोचतंय का, हा खरा प्रश्न आहे.

स्कॅनर गप्प का, तेही सांगतो. त्या काळच्या गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवेचा दाब, थ्रॉटल (हवेची झडप), कूलंटचं तापमान बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब बरोबर आहे असं त्याने गृहीतच धरलेलं असतं. उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या नळाला येतं तसं पेट्रोल यायला लागलं, तरी त्याला पत्ता नसतो. शिवाय आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः ओळखायच्या यंत्रणेची, सक्ती २०१० पासून आणि ओबीडी-२ची २०१३ पासून. तुमची गाडी त्याच्या खूप आधीची. तेव्हा ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा घेऊ नका.

म्हणून पहिलं काम पेट्रोलचा दाब मोजणारं प्रेशर गेज लावायचं. ज्या गॅरेजकडे गेज नाही, तिथे इंजेक्शनचं काम देऊ नका, मग ते कितीही जुनं आणि ओळखीचं असो. गेज जोडण्याआधी टाकीतल्या पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवायचं. पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर उडालं तर क्षणात पेट घेतं.

रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या अशा गाड्यांत दाब साधारण २.५ ते ३ बार असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. आयडलिंगला, दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम पाइप काढली की काटा अंदाजे अर्ध्या बारने वर चढायला हवा. ती पाइप नाकाशी धरून बघा. आतून ओली असेल किंवा पेट्रोलचा वास असेल, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, पुढे शोधायची गरज नाही. इंजिन बंद केल्यावर काटा काही मिनिटं टिकला पाहिजे. लगेच खाली आला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर यांपैकी काहीतरी आहे. तुमची गाडी सकाळी एका सेल्फमध्ये उठते, म्हणून इथे काही सापडेल असं मला वाटत नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाची चाचणी लोडवरची आहे. गेजची नळी बॉनेटमधून बाहेर काढून गेज काचेवर वायपरखाली पक्कं बांधायचं. केबिनच्या आत अजिबात आणायचं नाही. गाडी चांगली तापू द्या, मग विल्होळीच्या पुढे हायवेला रहदारी कमी असताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. गाडी चालवणारा एक आणि काटा बघणारा दुसरा, असे दोघं हवेत. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम जातो, म्हणजे काटा पाइप काढल्यावर दिसलेल्या वरच्या आकड्यावर गेला पाहिजे. तो त्याऐवजी खाली घसरला आणि त्याच क्षणी झटका बसला, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे हे नक्की झालं.

मग स्वस्तापासून सुरुवात करा. आधी फ्युएल फिल्टर. २०२३ पासून पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल जुन्या टाकीतला साठलेला गाळ सोडवतं, पाणी ओढून घेतं आणि त्या काळच्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. पाइप चिकट, फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली तर लगेच बदला. यात चालढकल नको, आगीचा धोका आहे. नंतर टाकीतल्या पंपाच्या कपलरवर (वायरच्या जोडावर), पंप चालू असताना, मल्टिमीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर रिले, कपलर आणि टाकीजवळची अर्थिंग घासून साफ करा. व्होल्टेज बरोबर, फिल्टर नवा आणि तरी काटा पडतोय, तेव्हाच पंप बदला. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. रिझर्व्हवर गाडी पळवायची सवय असेल तर तो तापतो आणि लवकर दमतो. घाट चढताना टाकी निम्मी तरी असू द्या.

दाब शेवटपर्यंत ठाम राहिला तर? मग घाटात पिकअप नेमका जातो कसा, ते आठवा. टॅकोमीटर असेल तर काटा एकदम शून्यावर आणि चावी फिरवल्यासारखं इंजिन गप्प, असं असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनचे फेरे ओळखणारा) किंवा इग्निशनचा भाग तापून सोडतोय. हळूहळू गुदमरत असेल तर एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय का बघा. व्हॅक्यूम गेज लावून इंजिन २,५०० आरपीएमवर धरा. काटा सावकाश खाली उतरत गेला तर एक्झॉस्ट अडलाय. हा दोष इंधनाच्या दोषासारखाच दिसतो आणि यात लोकांचे पंप, इंजेक्टर, सगळं बदलून होतं, फरक मात्र शून्य. प्लग काळे, काजळी धरलेले निघाले तर कूलंट तापमानाचा सेन्सर तपासा. इंजिन गरम झाल्यावर त्याचा रेझिस्टन्स बराच कमी व्हायला हवा. तो तसाच राहिला तर ईसीएमला इंजिन थंडच वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो.

इंजेक्टर सगळ्यात शेवटी, आणि तेही बदलायच्या आधी मोजून. अशा बहुतेक गाड्यांत रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असतो, चारही जवळपास सारखे हवेत. आयडलिंगला एकेकाचा कपलर काढा. ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरला दोष आहे. तसा सापडला तर आधी बेंचवर अल्ट्रासॉनिकने साफ करून फवारा बघा, ओ-रिंग आणि आतल्या बारीक जाळ्या नव्या घाला.

लोडवरच्या चाचणीतला आकडा आणि पंपावरचं व्होल्टेज इथे लिहा, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल. पंप बदलायची वेळ आलीच तर टाकी उतरवून धुऊन घ्या आणि पंपाखालची जाळीही नवी टाका. गाळ तसाच ठेवला तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.